बसमधल्या घराची वीज : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुनी बस घेऊन तिचे फिरते घर करणाऱ्या वाचकांची काही पत्रे या सदराकडे आली आहेत. त्या सर्वांचा विषय घरातील वीजव्यवस्था हाच असल्याने ती या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रांतील मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आम्ही शाळेची जुनी बस घेतली असून आतील बाके काढून तिचे घर करीत आहोत. बसची मूळ वायरिंग २४ व्होल्टची आहे. आम्ही चौघे आहोत. चैत्रात सप्तशृंगगडाच्या पदयात्रेबरोबर बस न्यायची, दिवाळीनंतर नर्मदा परिक्रमा करायची आणि पावसाळ्यात तोरणमाळला जायचे, असा बेत आहे. दिवे, चार पंखे, फ्रिज, मिक्सर, टीव्ही, पाण्याचा पंप आणि कूलर एवढे हवे; जमल्यास एसीही हवा. दुकानदाराने १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्यूब्युलर, म्हणजे आम्लाच्या, बॅटऱ्या, २ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि ५४० वॅटचे दोन सोलर पॅनेल सुचविले आहेत. एवढ्यावर भागेल का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : पॅनेल आणि इन्व्हर्टर आपल्याला पुरतील, बॅटऱ्या पुरणार नाहीत आणि एसीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. दुकानदाराची यादी भारनियमनात सापडलेल्या घरासाठी योग्य आहे. तिथे वीज दोन-चार तास जाते आणि परत येते. इथे मात्र ती रोजच्या रोज आपणच मिळवून, साठवून खर्चायची आहे. म्हणून सामान घेण्याआधी एका दिवसाच्या खर्चाचा हिशेब कागदावर मांडावा, आणि तो उन्हाळ्यातल्या दिवसाचा मांडावा, कारण आपल्याकडे या व्यवस्थेची खरी कसोटी एप्रिल-मेमध्येच लागते.

उपकरणाचे वॅट आणि ते चालण्याचे तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. असे १,००० वॅट-तास म्हणजे वीजबिलावरचे १ युनिट. बसच्या उंचीत छताचे पंखे बसत नाहीत, म्हणून भिंतीवरचे थेट बॅटरीवर चालणारे पंखे घ्यावेत. असा एक पंखा साधारण २० वॅट घेतो. चार पंखे १२ तास चालले तर ९६० वॅट-तास होतात. बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा मध्यम आकाराचा फ्रिज चालू असताना ६० वॅटच्या आसपास घेतो. कंपनीच्या पत्रकात तो दिवसातले आठ-दहा तासच चालेल असे गृहीत धरलेले असते, पण रावेरच्या मे महिन्यात १४ तास धरावेत. म्हणजे ८४० वॅट-तास. एलईडी दिव्यांना १००, टीव्हीला १२०, पंपाला ४०, मिक्सरला १२५ आणि मोबाइल-लॅपटॉप मिळून २०० धरले की बेरीज २,४०० च्या जवळ जाते. त्यात १५० वॅटचा कूलर आठ तास चालविला तर आणखी १,२०० वाढतात, आणि इन्व्हर्टरमधील घट धरून दिवसाचा खर्च सुमारे ४ युनिटवर येतो.

इन्व्हर्टरचे एक वैशिष्ट्य या हिशेबात सहसा सुटते. तो नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी २० ते ३० वॅट घेत राहतो. २० वॅट जरी धरले तरी २४ तासांत जवळजवळ अर्धे युनिट काहीही न चालविता संपते. म्हणून पंखे, दिवे, फ्रिज आणि पंप इन्व्हर्टरच्या वाटेला न नेता थेट बॅटरीवर चालणारेच घ्यावेत आणि मिक्सर, टीव्ही व कूलर यांच्यापुरताच इन्व्हर्टर चालू करावा. त्याचे बटण झोपण्याच्या जागेपासून हाताला येईल असे बसवावे, म्हणजे तो बंद करण्याचा कंटाळा होत नाही. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच असावा. चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर कूलरची मोटर गुणगुणते आणि जास्त तापते.

आता बॅटरी. सूर्य मावळल्यापासून सकाळी पॅनेल नीट काम करू लागेपर्यंत आपला खर्च, कूलरसह, ३ युनिटच्या जवळ जाईल. १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या २४ व्होल्टसाठी जोडल्या तर कागदावर ३,६०० वॅट-तास होतात, परंतु आम्लाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवू नये. तसे केले तर ती लवकर निकामी होते. हाती उरतात १,८०० वॅट-तास. पहाटेच्या आतच कूलर बंद पडेल. चार बॅटऱ्या घेतल्या तर त्यांचेच वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे जाईल. त्याऐवजी २५.६ व्होल्ट, २०० एएचची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात ५,१२० वॅट-तास मावतात, त्यांतले चार हजारांहून अधिक रोज वापरता येतात आणि वजन साधारण ४५ किलोच्या आसपास राहते. सुरुवातीचा खर्च जास्त आहे हे खरे. पण रोज भरून रोज रिकामी होणाऱ्या कामात तिचे आयुष्य आम्लाच्या बॅटरीच्या कित्येक पट असते. इन्व्हर्टरमधील चार्जर मात्र लिथियमवर लावता येणारा असावा. ट्यूब्युलरसाठी लावलेल्या चार्जरचा व्होल्टेज या बॅटरीला जास्त होऊ शकतो आणि मग तिच्यातील संरक्षक यंत्रणा मधेच पुरवठा तोडते.

उष्णतेबद्दल इथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बॅटरीची बरीच पत्रके थंड हवामान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात आणि बॅटरी गोठू नये याचीच चिंता करतात. आपली चिंता उलटी आहे. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद बसच्या आत तो याहून बराच वर असतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ ते ५५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असे उत्पादक सांगतात. नेमकी मर्यादा आपल्या बॅटरीच्या पत्रकात पाहावी. तेवढे तापमान झाले की तिची संरक्षक यंत्रणा चार्जिंग थांबविते, म्हणजे ऊन सर्वांत जास्त असताना पॅनेलची वीज वाया जाते. आम्लाच्या बॅटरीला हे थांबणे माहीत नाही. ती चार्ज होत राहते आणि सरासरी तापमान १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. म्हणून बॅटरी इंजिनाशेजारच्या किंवा पत्र्याला लागून असलेल्या डिकीत ठेवू नये. लिथियम बॅटरी पलंगाखाली, उष्णतारोधक थराच्या आतल्या बाजूला, हवा खेळेल अशा जागी आणि पक्क्या पट्ट्यांनी बांधून ठेवावी. आम्लाचीच बॅटरी घेतली तर हीच जागा चालणार नाही, कारण ती चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. तिला राहण्याच्या जागेपासून बंद केलेली आणि बाहेर झरोका असलेली वेगळी पेटी लागते.

एसीसंबंधी. १ टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण भारावर १,००० वॅटच्या आसपास घेतो. रात्री तो मंदावतो असे धरले तरी आठ तासांत सुमारे ५ युनिट लागतील, म्हणजे बॅटरी आणि पॅनेल दोन्ही दुपटीच्या पुढे न्यावे लागतील. दिवसा पत्र्याची बस उन्हात असताना तर तो मंदावणारच नाही. तेच पैसे आधी छताच्या आणि भिंतींच्या उष्णतारोधक थरात घालावेत. आपल्याकडची चैत्र-वैशाखातली हवा कोरडी असल्याने कूलर उत्तम काम देतो. त्याला ताशी काही लिटर पाणी लागते, हे टाकीचा आकार ठरविताना लक्षात ठेवावे. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग जवळजवळ संपतो, पण तोरणमाळला त्या दिवसांत त्याची गरजही पडणार नाही. एसी हवाच असेल तर तो बाहेरून वीज जोडलेली असतानाच चालवायचा, असे ठरवून बसवावा.

पॅनेलकडे येऊ. १,०८० वॅटची पॅनेल छतावर सपाट बसविल्यावर उन्हाळ्यात दिवसाला साडेचार ते पाच, थंडीत तीन-साडेतीन युनिट देतील. पावसाची झड लागली तर एक-दीड युनिटही मुश्कीलीने मिळते. मेमध्ये ऊन भरपूर असूनही उत्पन्न कागदाप्रमाणे येत नाही, याचे कारण पॅनेलवर लिहिलेले वॅट २५ अंशांना मोजलेले असतात आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट होते. ७० अंशांपर्यंत तापलेले पॅनेल जवळजवळ १६ टक्के कमी वीज देते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसविता खाली सात-आठ सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. वाऱ्याने पॅनेल थोडे थंड राहते आणि छतालाही सावली मिळते. केळीच्या पट्ट्यातल्या कच्च्या रस्त्यांची धूळ पॅनेलवर लगेच बसते, ती पहाटे पाण्याने धुवावी. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी टाकू नये.

दोन पॅनेल एकमेकांना कसे जोडावेत, याबद्दल दुकानात सहसा एकसर जोडणी सुचविली जाते. ५४० वॅटच्या पॅनेलचा मोकळा, म्हणजे काहीही न जोडता मोजलेला, व्होल्टेज ४९.५ च्या आसपास असतो, म्हणजे एकसर जोडणीत ९९. पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारा कंट्रोलर १०० व्होल्टचा असेल तर हे आकडे जुळल्यासारखे वाटतात. परंतु थंडीत व्होल्टेज वाढतो. डिसेंबरच्या सकाळी सारंगखेड्याच्या यात्रेत, तापमान १० अंशांवर असताना पहिले ऊन पडले की तोच आकडा १०३ वर जातो आणि कंट्रोलर जळू शकतो. एकसर जोडायचेच असेल तर कंट्रोलर १५० व्होल्टचा घ्यावा. मी मात्र आपल्याला समांतर जोडणी सुचवीन. एका पॅनेलचा काम करतानाचा व्होल्टेज ४१ च्या जवळ असतो, उन्हाळ्यात तो ३५ पर्यंत उतरतो, तरीही २४ व्होल्टची बॅटरी भरायला तो पुरेसा आहे. आणि एका पॅनेलवर कडुनिंबाची फांदी आली तरी दुसरे आपले काम करीत राहते. कंट्रोलर ४५ ते ५० अँपिअरचा, एमपीपीटी पद्धतीचा, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, घ्यावा.

तोरणमाळच्या धुक्यातल्या दिवसांसाठी दुसरा स्रोत म्हणजे बसचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र. त्याच्यापासून घराच्या बॅटरीपर्यंत २४ व्होल्टचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा. २५ अँपिअरचा चार्जर तीन तासांच्या प्रवासात सुमारे २ युनिट भरतो. साध्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडून देणारे कारागीर भेटतात, त्यांना नम्रपणे नकार द्यावा. लिथियम बॅटरी अल्टरनेटर देईल तेवढा प्रवाह ओढते, आणि घाटात किंवा गर्दीत इंजिन मंद चालत असताना थंड करणारी हवा कमी पडून अल्टरनेटरची गुंडाळी जळते. गाडी चालू करण्याची बॅटरी आणि घराची बॅटरी या कायम वेगळ्याच राहिल्या पाहिजेत, म्हणजे रात्री पंखे कितीही चालले तरी सकाळी गाडी सुरू होते.

आणखी एक. बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात आणि त्यांतल्या एकीवरून टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी १२ व्होल्ट काढून देण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे. त्यामुळे एक बॅटरी सतत उपाशी राहते आणि दुसरी सतत जास्त भरली जाते. दोन्ही अकाली जातात. १२ व्होल्टची वस्तू असेल तर २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावावा.

प्रश्न : मी घरगुती वायरिंगची कामे करतो. एका ग्राहकाच्या बसचे काम आले आहे. घरासाठी वापरतो तीच वायर आणि तेच एमसीबी चालतील का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : २३० व्होल्टच्या भागात चालतील, बॅटरीच्या भागात घरगुती एमसीबी चालणार नाहीत. घरातील प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे एमसीबी उघडताना उठलेली ठिणगी लगेच विझते. बॅटरीचा प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी तशीच जळत राहते आणि एमसीबी वितळून पेट घेऊ शकतो. म्हणून डीसीसाठी, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेच्या प्रवाहासाठी, प्रमाणित आणि त्या व्होल्टेजला योग्य असेच एमसीबी किंवा फ्यूज घ्यावेत. लिथियम बॅटरी शॉर्ट झाल्यास काही हजार अँपिअर देऊ शकते, त्यामुळे तिच्यासाठी मुख्य फ्यूज एवढा मोठा प्रवाह तोडू शकणाऱ्या क्लास टी प्रकारचा असावा आणि तो धन टोकापासून वीतभर अंतरातच असावा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या केबलला कोणतेच संरक्षण नसते, एवढे ध्यानात घेतले की ते अंतर कमी का हवे हे समजते.

वायर एकेरी तारेची वापरू नये. बस सतत हादरत असते आणि जाड एकेरी तार टोकाशी तुटते. बारीक तारांची लवचिक, आग न पसरविणारी तांब्याची वायर घ्यावी. जाडी ठरविताना केवळ प्रवाह पाहू नये, व्होल्टेजची घटही पाहावी. ६० वॅटचा पंप बॅटरीपासून ८ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १६ मीटर वायर लागते. १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १२ व्होल्ट असतील तर प्रवाह ५ अँपिअर आणि घट जवळजवळ १ व्होल्ट होते. २४ व्होल्टवर तीच घट अर्ध्या व्होल्टहून कमी राहते. २ केव्हीएच्या इन्व्हर्टरला २४ व्होल्टवर पूर्ण भारावर ७५ ते ८० अँपिअर लागतात. त्याला ३५ चौरस मिलिमीटरची, शक्य तितकी आखूड केबल आणि १२५ अँपिअरचा फ्यूज द्यावा.

केबलच्या टोकाचे लग (जोडणीसाठी बसवायचे धातूचे तुकडे) हातोडीने ठोकून किंवा नुसते पकडीने दाबून बसवू नयेत. हायड्रॉलिक क्रिंपिंगचे अवजार भाड्याने आणावे लागले तरी आणावे. लगमध्ये तारांच्या मध्ये हवा राहिली की तिथे प्रतिकार वाढतो, लग तापतो, तापून सैल होतो आणि सैल झाल्याने आणखी तापतो. पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकात रबरी ग्रॉमेट (कड झाकणारी कडी) बसवावा. आज वायर नीट दिसते, पण धुळे-सुरत रस्त्यावरच्या हादऱ्यांनी पत्र्याची कड तिचे आवरण हळूहळू कापत जाते, आणि बसचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असल्याने ते तांबे पत्र्याला टेकताच शॉर्ट होतो. या दहा-वीस रुपयांच्या रबराबद्दल आपण ग्राहकाशी तडजोड करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : यात्रेच्या ठिकाणी जवळच्या घरातून किंवा हॉटेलातून वायर टाकून वीज घेतो. एकदा ओल्या जमिनीवर उभे राहून बसच्या पायरीला हात लावला तेव्हा झिणझिण्या आल्या. बसला रबरी चाके असल्याने धोका नाही, असे मिस्त्री म्हणतो. (एक वाचक, शहादा)

उत्तर : मिस्त्रींचे म्हणणे धोकादायक आहे. कृपया पुढे सांगितलेली व्यवस्था होईपर्यंत बाहेरची वीज जोडू नका. चाके रबरी असल्यामुळेच गळतीचा प्रवाह जमिनीत न जाता पत्र्यावर थांबून राहतो, आणि खाली पाय टेकून पायरीला हात लावणारा माणूस त्याची वाट होतो. आत असलेल्याला काहीच जाणवत नाही. चढणाऱ्या-उतरणाऱ्याला जाणवते, आणि त्यांत लहान मुले असतात.

बाहेरून येणारी केबल तीन तारांचीच असावी आणि तिची अर्थिंगची तार बसच्या सांगाड्याला पक्क्या बोल्टने जोडलेली असावी. केबल आत येते तिथेच, इतर कशाच्याही आधी, ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) आणि त्यासोबत एमसीबी बसवावा. आरसीसीबी अर्थिंगची जागा घेत नाही, हे समजून घ्यावे. अर्थिंग चांगले असेल तर गळती होताच तो पुरवठा तोडतो. अर्थिंग नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत तो थांबलेला असतो. त्याचे टेस्ट बटण दर मुक्कामी दाबून पाहावे.

ज्या सॉकेटमधून वीज घ्यायची त्याची तपासणी बस जोडण्याआधी करावी. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात फेज-न्यूट्रल एवढाच व्होल्टेज दिसला पाहिजे; मात्र सैल अर्थिंगवरही मीटर फसवे आकडे दाखवितो, म्हणून माहितगार वायरमनकडून फेज-अर्थमध्ये बल्ब लावून तो पूर्ण प्रकाशतो का हेही पाहून घ्यावे. खेड्यांतील अनेक सॉकेटांत तिसरे भोक असते, पण त्यामागे तार नसते. तशा ठिकाणी वीज घेऊ नये. आपल्या बॅटरीवर रात्र काढावी. तारेवर आकडा टाकून वीज घेण्याचा विचारही करू नये.

जोडताना बसमधील मुख्य स्विच बंद ठेवून आधी केबलचे टोक बसला लावावे, मग सॉकेटला. काढताना उलट क्रमाने. आतील इन्व्हर्टर आणि बाहेरची वीज कधीही एकत्र येऊ नयेत, यासाठी दोन्ही तारा बदलणारा चेंजओव्हर स्विच लागतो. इन्व्हर्टर चालू असताना त्याचा न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला असावा, नाहीतर त्याच्या पुढच्या वाटेवरील आरसीसीबीला गळती कळणार नाही (केबलच्या तोंडाशी असलेला आरसीसीबी फक्त बाहेरच्या विजेपुरता असतो). बाहेरची वीज चालू असताना ती जोडणी सुटलेली असावी, कारण ती पुरवठ्याच्या ठिकाणी आधीच असते. काही इन्व्हर्टर हे आपोआप करतात. आपला करतो का, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे. ज्या वायरमनला हा मुद्दा उमगत नाही, त्याच्याकडून हे काम करून घेऊ नये.

प्रश्न : एवढे बदल केल्यावर आरटीओची अडचण येते का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांपासून वेगळे होतील असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. बाके काढणे आणि बसची कॅरव्हॅन करणे हा असाच बदल आहे, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज करावा. वीजव्यवस्थेचा एका पानाचा आराखडा, फ्यूज आणि केबलच्या मापांसह, अर्जाला जोडावा. तो पुढे दुरुस्तीच्या वेळीही उपयोगी पडतो. पॅनेलमुळे वाढलेली उंची दाराजवळ आतून लिहून ठेवावी, कारण रेल्वेखालच्या बोगद्यांशी ती पडताळावी लागते.

प्रश्न : शेतीच्या कामांमुळे बस तीन-चार महिने उभीच राहते. बॅटरीचे काय करावे? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : लिथियम बॅटरी निम्मी किंवा थोडी अधिक भरलेली ठेवावी, पूर्ण भरून ठेवू नये, आणि मुख्य स्विचने सर्व उपकरणांपासून तोडावी, केवळ इन्व्हर्टर बंद करणे पुरेसे नाही, कारण कन्व्हर्टर आणि फ्रिजचे नियंत्रक थोडा थोडा प्रवाह घेत राहतात. पॅनेलचा स्विचही बंद करावा. तो बॅटरीच्या आधी बंद करावा आणि पुन्हा सुरू करताना बॅटरीनंतर चालू करावा. आम्लाची बॅटरी असेल तर तिला उलट वागणूक हवी. ती पूर्ण भरलेली ठेवावी, महिन्यातून एकदा भरावी आणि पाण्याची पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे. बस शेडमध्ये उभी करता आली तर उत्तम. नाहीतर बॅटरी ज्या बाजूला आहे ती बाजू पश्चिमेच्या उन्हाकडे येणार नाही, अशी बस लावावी.